‘डिस्ट्रॅक्शन’ हे निदान नव्हे

“डॉक्टर, याला फार डिस्ट्रॅक्शन होतं हो.”

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोजचं झालं आहे. पूर्वी आईवडील ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणायचे. आता शहरातले काय आणि तालुक्याच्या गावचे काय, सगळ्यांच्या तोंडी हा एकच इंग्रजी शब्द आहे.

अलीकडचीच तीन उदाहरणं सांगतो. बारावीतल्या मुलाला घेऊन त्याचे वडील आले. “पुस्तक उघडलं की डिस्ट्रॅक्ट होतो.” नोकरी करणाऱ्या एक बाई स्वतःबद्दलच म्हणाल्या, “हल्ली मी फार डिस्ट्रॅक्ट होते, कामात चुका होतात.” आणि सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांच्या मुलाचा फोन आला, “बाबा दोन दिवस जरा डिस्ट्रॅक्टेड वाटताहेत. उद्या आणू का दाखवायला?”

शब्द एकच, पण आजार तीन वेगवेगळे निघाले. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होता आणि पहाटे क्लासला जात होता. त्याची झोपच पुरी होत नव्हती. बाईंचं हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. आणि बाबांच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं होतं. त्यांना ‘उद्या’ आणून चालणार नव्हतं, त्याच रात्री दाखल करावं लागलं.

म्हणून आज या शब्दाबद्दलच लिहायचं ठरवलं आहे. तो परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. मीही दिवसभर ‘बीपी’, ‘शुगर’, ‘इन्फेक्शन’ म्हणतच असतो. माझी तक्रार वेगळी आहे. हा शब्द आपण निदान म्हणून वापरू लागलो आहोत आणि त्यामुळे खरं निदान मागे पडतं.

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत ओढणे या अर्थाचं एक क्रियापद आहे, ‘ट्राहेरे’. त्याची लेकरं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. ओढणारा तो ट्रॅक्टर. कंबरदुखीला वजन लावून ओढतात ते ट्रॅक्शन. दात ओढून काढतात ते एक्स्ट्रॅक्शन. स्वतःकडे ओढून घेतं ते अट्रॅक्शन. याच घरातला ‘डिस्ट्रॅक्शन’. त्यातल्या ‘डिस’चा अर्थ वेगवेगळ्या दिशांना. म्हणजे मूळ अर्थ वेगवेगळ्या बाजूंना ओढलं जाणं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, ओढाताण.

जुन्या इंग्रजीत हा शब्द बराच जड होता. शेक्सपिअरच्या काळात ‘डिस्ट्रॅक्टेड’ माणूस म्हणजे ज्याचं चित्त ठिकाणावर नाही, जवळजवळ वेडा झालेला माणूस. त्याची खूण आजही इंग्रजीत उरली आहे. एखाद्याला ‘ड्राइव्ह टू डिस्ट्रॅक्शन’ केलं म्हणजे त्याला वेड लागायची पाळी आणली. फ्रेंचमध्ये मात्र हाच शब्द करमणूक, विरंगुळा या अर्थानेही चालतो. म्हणजे वेडापासून विरंगुळ्यापर्यंत या शब्दाचा पल्ला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘लक्ष’ या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लक्ष देण्याच्या अगदी उलट अवस्थेला काय म्हणायचं, हे सांगताना त्यांनी एक फ्रेंच आणि एक जर्मन शब्द दिला. फ्रेंच शब्द हाच, डिस्ट्रॅक्शन. जर्मन शब्दाचा शब्दशः अर्थ होतो विखुरलेपण. एकाच अवस्थेकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. एका भाषेला वाटलं मन ओढलं गेलं, दुसरीला वाटलं मन विखुरलं.

गफलत कुठे होते?

इंग्रजीत ‘डिस्ट्रॅक्शन’ हे नाम दोन गोष्टींसाठी वापरतात. लक्ष ओढून नेणारी वस्तू, म्हणजे वाजणारा फोन, शेजारचा टीव्ही, लाऊडस्पीकर, हेही डिस्ट्रॅक्शन. आणि लक्ष ठिकाणावर नसण्याची मनाची अवस्था, हेही डिस्ट्रॅक्शन. कारण आणि परिणाम, दोघांना नाव एकच.

इथेच सगळा घोटाळा आहे. मुलाच्या अवस्थेला आपण ‘डिस्ट्रॅक्शन’ म्हटलं की लगेच ओढणारा कोण, याचा शोध सुरू होतो. आणि ओढणारा आयता हातातच असतो, मोबाइल. खटला संपला, आरोपी सापडला. मोबाइल काढून घ्या, मूल सुधारेल.

पण प्रत्येक वेळी कोणीतरी ओढतच असतं असं नाही. खोलीत उजेड कमी पडतो, तेव्हा दर वेळी कोणी दिवा पळवून नेलेला नसतो. कधी दिव्यातलं तेलच संपत आलेलं असतं, कधी वातीवर काजळी धरलेली असते. रक्त कमी असलेल्या, झोप न झालेल्या किंवा थायरॉइड मंदावलेल्या माणसाचं लक्ष कोणी ओढून नेत नाही. ते मुळात पुरेसं पेटतच नाही.

डॉक्टरांचं डिस्ट्रॅक्शन

आमच्या वैद्यकशास्त्रात हा शब्द तीन ठिकाणी भेटतो.

हाडांच्या शस्त्रक्रियेत तो मूळ अर्थाने, दूर ओढणे म्हणून वापरतात. सोव्हिएत शल्यचिकित्सक गावरिल इलिझारोव यांनी सायबेरियातल्या कुर्गान शहरात १९५० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. हाड कापायचं, बाहेरून कड्या आणि तारांची चौकट बसवायची आणि दोन्ही टोकं साधारण रोज १ मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. आखूड पाय लांब करता येतो.

बालरोगतज्ज्ञ डिस्ट्रॅक्शन औषधासारखं वापरतात. लस टोचताना बाळाला खुळखुळा दाखवायचा, मोठ्या मुलाला साबणाचे फुगे फुंकायला लावायचे. लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं खरोखर कमी जाणवतं. ही नुसती फसवणूक नाही, वेदनेची जाणीव लक्षावर अवलंबून असते.

तिसरा वापर अपघात विभागातला आहे आणि आजच्या विषयाला तोच सगळ्यात जवळचा. रस्त्यावरच्या अपघातातला रुग्ण येतो. मांडीचं हाड मोडलेलं, रुग्ण ओरडतो आहे. तिथे तरुण डॉक्टरांना शिकवलेलं असतं की या रुग्णाने ‘मान दुखत नाही’ म्हटलं तरी त्यावर विसंबू नका. मांडीची वेदना इतकी मोठी आहे की मानेचं दुखणं त्याला कळणारच नाही. अशा दुखापतीला ‘डिस्ट्रॅक्टिंग इंज्युरी’ म्हणतात. जी मोठ्याने ओरडते आणि जास्त धोक्याची गोष्ट झाकून टाकते.

माझं मत असं आहे की ‘डिस्ट्रॅक्शन’ हा शब्दच आता आपल्या घरांत आणि दवाखान्यांत तसली दुखापत झाला आहे. मोबाइल इतका मोठ्याने ओरडतो की त्यामागचं दुसरं काही ऐकूच येत नाही. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः यात फसलो आहे.

माझी चूक

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक कुटुंब अनेक वर्षं माझ्याकडे येतं. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच. एकदा आजींबरोबर सून आणि आठ वर्षांची नातही आली. सुनेने पिशवीतून शाळेचं प्रगतिपुस्तक काढलं. शेऱ्यात बाईंनी इंग्रजीत लिहिलं होतं की मुलगी हुशार आहे, पण पटकन डिस्ट्रॅक्ट होते.

“डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. सारखी बाबांच्या मोबाइलवर गेम खेळते.”

मी मुलीला जवळ घेतलं, चार गोष्टी सांगितल्या. आईला म्हटलं, मोबाइल बंद करा, टीव्ही अर्धा तास, रात्री लवकर झोपवा. सल्ला काही चुकीचा नव्हता. कोणत्याही मुलाला तो लागू पडला असता, आणि हीच त्याची खोट होती.

उठता उठता आजी म्हणाल्या, “डॉक्टर, पण ही मधेच थबकते हो. घास हातात असतो आणि थबकते.”

मी हसून म्हणालो, “आजी, आजकालची मुलं अशीच असतात.”

त्यानंतर सात-आठ महिने गेले. त्या काळात मुलीला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं गेलं. ‘झोपलीस का?’ म्हणून चारचौघांत विचारलं गेलं. घरी नाचाचा क्लास बंद झाला, कारण आधी अभ्यास. पुढे एकदा ती तापासाठी आली. मी तिला शाळेच्या सहलीबद्दल विचारलं. ती उत्साहाने सांगू लागली आणि वाक्याच्या मधोमध थांबली. डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यापलीकडे, पापण्यांची बारीक फडफड. मी नावाने हाक मारली. हाताला हात लावला. काही नाही. आठ-दहा सेकंदांनी ती पुन्हा बोलू लागली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

मी टेबलावर कागदाची भिंगरी ठेवली आणि तिला जोरजोरात, न थांबता फुंकत राहायला सांगितलं. दोन मिनिटांच्या आत ती पुन्हा थबकली.

हा फिटचा एक प्रकार आहे. इंग्रजीत त्याला ‘ॲब्सेन्स सीझर’ म्हणतात. साधारण चार ते दहा या वयात तो सुरू होतो. यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. मेंदू काही सेकंद गैरहजर असतो, इतकंच. दिवसातून असं अनेकदा, कधी कधी शंभरावर वेळा होऊ शकतं. जोरजोरात श्वास घेतल्यावर हा झटका येतो, म्हणून दवाखान्यात ती फुंकण्याची तपासणी करतात. (ती घरी करून पाहू नये.) बालमेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी काढला. त्यात या आजाराची ठरलेली खूण, सेकंदाला साधारण तीन या वेगाने येणाऱ्या लहरी, स्पष्ट दिसल्या. औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत झटके थांबले. या आजाराची बरीच मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. तीही पडली.

पुढच्या भेटीत आजी एवढंच म्हणाल्या, “मी म्हटलं होतं ना हो डॉक्टर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मुलीने विचारलं, “म्हणजे मी मुद्दाम नव्हते ना करत?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला आठ महिने आधी द्यायला हवं होतं.

चूक कुठे झाली, यावर मी पुष्कळ विचार केला. प्रगतिपुस्तकात इंग्रजी शब्द होता, तो मला शास्त्रीय वाटला. आजींनी साधं मराठी क्रियापद वापरलं, ते मला घरगुती वाटलं. खरं तर निरीक्षण आजींचं होतं. ‘थबकते’ या एका शब्दात आजाराचं वर्णन होतं. ‘डिस्ट्रॅक्ट होते’ हा निष्कर्ष होता, आणि तोही चुकीचा.

मराठीत विचारून पाहा

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. कोणी ‘डिस्ट्रॅक्शन’ म्हटलं की मी विचारतो, “तो शब्द बाजूला ठेवा. नेमकं काय होतं ते घरी बोलता तसं सांगा.” आपल्या भाषेत यासाठी एक नाही, डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येक जण वेगळी दिशा दाखवतो.

‘व्यत्यय येतो’: आवाज, फोन, माणसांची ये-जा. इथे ओढणारा खरोखर बाहेर आहे. तो दूर केला की काम होतं. औषधाची गरज नाही.

‘मन लागत नाही’: आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नाही, भूक-झोप बिघडली आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे? मग नैराश्याचा विचार करायलाच हवा.

‘चित्त थाऱ्यावर नाही’: सतत काहीतरी वाईट होईल अशी धास्ती, छातीत धडधड. ही चिंता आहे. मागे कर्ज, घरातलं आजारपण किंवा परीक्षा असते.

‘डोकं चालत नाही, झापड येते’: झोप किती होते, घोरणं आहे का, हे आधी विचारा. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर तपासा. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. पण आपल्याकडे कित्येक जणी आठ-नऊवर घर आणि नोकरी दोन्ही ओढत असतात आणि चुकलं की स्वतःलाच दोष देतात.

‘लहानपणापासूनच वेंधळा, एका जागी टिकत नाही’: लक्ष आणि चंचलतेचा विकार, म्हणजे एडीएचडी, असू शकतो. पण त्याला अटी आहेत. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची हवीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. तज्ज्ञाने सविस्तर तपासल्याशिवाय ही चिठ्ठी मुलाला चिकटवू नये.

‘हाक मारली तरी ओ देत नाही’: आधी कान तपासा. कमी ऐकू येणारी मुलं बेफिकीर ठरवली जातात.

‘थबकतो, शून्यात बघतो’: वर सांगितलेली गोष्ट आठवा. तंद्री लागलेलं मूल कंटाळवाण्या वेळी हरवतं आणि खांद्याला हात लावला की भानावर येतं. झटका खाता-खेळता-बोलताही येतो आणि हात लावून मोडत नाही.

‘सैरभैर झालेत, काहीबाही बोलतात’: म्हातारं माणूस काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत असं झालं तर थांबू नका. ही डिलिरियमची खूण आहे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम, वरखाली झालेली साखर, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, यांपैकी काहीही मागे असू शकतं. काही जण बडबडत नाहीत, उलट गप्प आणि सुस्त होतात. ते जास्त फसवं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी सहज म्हणणारे आजोबा शुक्रवार-गुरुवारपाशी अडखळून हरवले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या परंपरेनेही यात घाई केलेली नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताचे विक्षेप म्हणून नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांत पहिलं नाव व्याधीचं आहे. आळस पाचवा येतो. आपण मात्र पाचव्यापासून सुरुवात करतो आणि पहिल्यापर्यंत पोहोचतच नाही.

मग मोबाइल निर्दोष का?

अजिबात नाही. मोबाइलमधली ॲप्स आपलं लक्ष ओढून धरण्यासाठीच बनवलेली असतात. एका कामातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात जाताना मेंदूला प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागते. गाडी चालवताना तर ही किंमत जिवाची असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, न बघता. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आणि रात्री उशाशी मोबाइल नको, हा सल्ला मी आजही देतो.

फरक एवढाच की आता तो तपासणीनंतर देतो, तपासणीऐवजी नाही.

आणि गंमत पाहा. मूल मधेच थबकतं, असं घरच्यांना वाटलं तर मी त्यांना सांगतो, “पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मला दाखवा.” दहा सेकंदांचा तो व्हिडिओ पुष्कळदा पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो.

विनंती

शिक्षकांना विनंती अशी की प्रगतिपुस्तकात ‘डिस्ट्रॅक्ट होते’ असा निकाल लिहू नका, जे दिसलं ते लिहा. ‘फळ्यावरचं उतरवताना मधेच थांबते’, ‘दुपारनंतर पेंगते’, ‘मागून बोललेलं ऐकू येत नाही असं वाटतं’. तुम्ही मुलाला दिवसाचे पाच-सहा तास पाहता, आम्ही पाच मिनिटं.

पालकांना विनंती की रागावण्याआधी तीन गोष्टी बघा. हे कधीपासून, कुठे कुठे आणि हाक मारल्यावर काय होतं?

माझ्या व्यवसायबंधूंना काय सांगणार? इतकंच, की खोलीत एखादी आजी असेल तर तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

आणि मोठ्या माणसांनो, ‘हल्ली मी फार डिस्ट्रॅक्ट होते’ असं म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या, झोपेचे तास मोजा आणि मनावर कसलं ओझं आहे का, ते कुणाशी तरी बोला. लक्ष ही नुसती इच्छाशक्तीची गोष्ट नाही. ते शरीराचंही काम आहे, आणि शरीर बिघडलं की तेही बिघडतं.